सात खवण्या सरहद्दीवर

कमळ्याचं पत्र आलं की पुतळाबाई ते घेऊन कळंबला बद्रुद्दीनशेठच्या दुकानात जात. वाचता येत नव्हतं हे एक कारण. दुसरं असं, की फौजेतल्या मुलाचं पत्र चार माणसांच्या कानावर पडायला नको का? शेठनी चष्मा चढवला की दुकानातली गिऱ्हाइकं आपोआप गप्प होत.

"आई, इथे आमच्याकडे बर्फावर चालणाऱ्या स्कूटर आहेत," शेठ वाचू लागले. "त्यांच्या खाली घसरपट्ट्या असतात. बर्फ भुसभुशीत असला की तो उडून पट्ट्यांवर बसतो आणि त्या थंड राहतात. हल्ली बर्फ दगडासारखा झाला आहे. पट्ट्या तापतात, भराभर झिजतात. खवणीसारखं काहीतरी खाली लावलं तर बर्फ खरवडून भुगा उडेल. स्कूटर दुरुस्तीचं काम माझ्याकडे आहे. हे जमल्याशिवाय साहेब रजा देणार नाहीत. इंदूच्या लग्नाला येणं कठीण दिसतं."

पुतळाबाई ताडकन उठल्या. "अवो शेठ, माज्या पोराची रजा खवणीपायी अडली हाय!"

"ताई, खवणीसारखं म्हणतोय तो."

"घरात खवणी असताना खवणीसारखं कशाला?"

शेठनी पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

बहिणीच्या लग्नात एकुलता एक भाऊ नाही, म्हणजे काय शोभा! पुतळाबाईंनी घरी येऊन खवणी राखेनं घासली आणि अंगणात वाळत ठेवली. शेजारच्या जानकीबाईंनी ती बघितली, आणि तिथेच घोटाळा वाढला.

"ही धाडतीस फौजंत? दात बघ हिचं, म्हातारीवानी झालंत. माजी ने. कर्जतच्या बाजारातली हाय."

"माज्या पोराला माजीच जाईल."

"पोरगा तुजा असंल गं, पर देश आमचा बी हाय!"

पुतळाबाईंनी जानकीबाईंची खवणीही आपल्या खवणीशेजारी ठेवून घेतली. दुपारपर्यंत आणखी चार घरच्या खवण्या आल्या. संध्याकाळी बद्रुद्दीनशेठच्या सफियाबीबी स्वतः सातवी घेऊन आल्या. "आमची पितळी मुठीची हाय, साहेबासमोर बरी दिसंल," म्हणाल्या.

पोस्टातल्या बाबूंनी पोतं चाचपलं आणि हात झटकन मागे घेतला. "बाई, यात काय आहे?"

"फौजेचं हत्यार," पुतळाबाई मान ताठ ठेवून म्हणाल्या.

बाबूंनी सगळं उघडून बघितलं, दातांना चिंध्या गुंडाळायला लावल्या, आणि शेवटी पार्सल गेलं. लग्नाच्या वाटणाला मात्र वाडीत एकही खवणी उरली नव्हती. बायकांनी खोबऱ्याचे तुकडे पाट्यावर ठेचले. दंड भरून आले, पण तक्रार कुणी केली नाही. "आमच्या खवण्या सरहद्दीवर हायेत," असं येणाऱ्या पाहुण्याला त्या आधी सांगत आणि पाणी नंतर देत.

लग्नाला दोन दिवस राहिले आणि कमळ्या खांद्यावर ट्रंक घेऊन दारात उभा! पुतळाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. डोळे पुसत त्याला आत ओढलं आणि हळूच विचारलं, "चालली ना रं स्कूटर?"

कमळ्यानं मान खाली घातली. "आये, बर्फ खरवडाया स्कूटरला आमी स्प्रिंगच्या सळ्या लावल्या. पार्सल आलं तवा काम झालं व्हतं. पर रजा काय मिळंना. मग साहेबांनी पोतं उघडलं. साहेब केरळचं हायेत गं. खवणी हातात घेतली, दातांवरनं बोट फिरवलं. त्यांच्या आयनं धाडलेलं नारळ पडून व्हतं. मग रोज खवून चटणी व्हाया लागली. एक दिस जेवण झाल्यावर म्हनाले, तुजी आय वाट बघत असंल, जा."

एवढ्या मोठ्या साहेबाला आपली खवणी बघून आईची आठवण यावी! पुतळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि सगळं बाहेर जाऊन मोठ्यानं सांगितलं.

मग जानकीबाई पुढे सरसावल्या. "कमळ्या, खरं सांग. साहेबानं खोबरं कुणाच्या खवणीवर खवलं?"

सात बायका त्याच्याकडे बघत होत्या. कमळ्या बर्फात तीन हिवाळे काढून आलेला गडी, पण त्याला आता घाम फुटला.

"सगळ्यांच्या, काकी. सात खवण्या, सात वार. रोज एक."

अंगणातल्या माना एकदम ताठ झाल्या. कमळ्यानं सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात मागून आईनं त्याची बाही ओढली.

"आनि ऐतवारी कुणाची रं?"