नानांच्या नावाचे बांबू

सहदेव परबाने शेडचं अंदाजपत्रक तिसऱ्यांदा मांडलं, तरी ते चारशे रुपयांत बसेना. वाकोल्यातल्या बैठ्या चाळीत त्याची खोली अगदी शेवटची, त्यामुळे मागे थोडी मोकळी जागा मिळालेली. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्याआधी तिथे आडोसा उभारायचा आणि सुगंधाचं शिलाई मशीन तिकडे हलवायचं असं ठरलं होतं. मशीन घरात आल्यापासून सहदेव त्याच्या पायडलखाली पाय घालून झोपत होता.

"आठ बांबू, पत्रे, चटयांच्या भिंती, खिळे, खाली कोबा," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "वाट लागली गं. नुसत्या बांबूंतच निम्मे पैसे जातात."

"आठ कशाला? मागे भिंत आहेच. पुढे दोन उभे करा, एक चिरून आडवा बांधा."

"आणि खिळे?"

"सुंभाने आवळा. कोबा पुढच्या वर्षी. चटई एकच आणा, पत्र्यांचं नंतर बघू. आणि येताना एक मडकं घेऊन या, जुनं पाझरतंय."

मडकं वाटेतच मिळालं. ते काखोटीला मारून सहदेव भाऊरावांच्या बांबूच्या वखारीत शिरला. घासाघीस करायची त्याला भारी भीती वाटे. भाव विचारायच्या आधीच त्याचा चेहरा पडला होता.

"दोन लांब बांबू द्या," तो खाली बघत म्हणाला. "आणखी एक चिरून द्या. सुंभ, आणि एक चटई. जरा स्वस्तातलं बघा. फार टिकाऊ नसलं तरी चालेल."

भाऊराव गादीवरून उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कधी झालं?"

"आजच सकाळी," सहदेव म्हणाला. त्याला वाटलं, ते बेत कधी ठरला हे विचारताहेत.

"वय झालं होतं का?"

सहदेवने भाऊरावांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. मग काखेतल्या मडक्याकडे पाहिलं. 'अहो, तसं काही नाही' म्हणायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊराव हळू आवाजात म्हणाले, "असल्या सामानावर मी नफा घेत नाही. निम्मेच द्या. सुंभाचे राहू देत. कोण गेलं?"

उघडलेल्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"काका. नाना काका. गावाहून औषधाला आले होते."

"खांद्याला माणसं आहेत ना, परब? नाहीतर पोरं पाठवतो."

"आहेत, आहेत!" म्हणत सहदेव बांबू खांद्यावर टाकून जवळजवळ पळतच निघाला. नाक्यावर दोघांनी त्याला हात जोडले. एक रिक्षावाला हॉर्न न वाजवता थांबला. सहदेवला दरदरून घाम फुटला. कणकवलीजवळच्या गावात धडधाकट असलेल्या नानांनी त्याला लहानाचा मोठा केला होता. जगात एवढी माणसं असताना आपल्या तोंडात त्यांचंच नाव कसं आलं, हेच त्याला कळेना.

स्वस्त सामान पाहून सुगंधा आधी खूश झाली. मग सगळी हकिगत ऐकून तिने बांबूंवरचा हात झटकन मागे घेतला.

"जिवंत माणसाच्या नावाने आणलेत? माझं मशीन त्याच्याखाली? परत करून या!"

"काय सांगून परत करू? नाना उठून बसले म्हणून?"

बांबू मागच्या भिंतीशी पडून राहिले. सहदेव मरोळच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. तिथे फोन वाजला की तो दुसऱ्याला उचलायला लावायचा. दोन दिवसांनी तारवाला थेट घरीच आला. तार हातात घेताच सुगंधाने डोळ्यांना पदर लावला. ती म्हणाली, "तुम्हीच फोडा. तुम्हीच मारलंत त्यांना."

सहदेवने तार फोडली. पहिलाच शब्द 'नाना' होता. तो मटकन खाली बसला. मग हळूहळू पुढचं वाचू लागला: नाना सोमवारी रात्रीच्या एस्टीने निघत होते.

"देवा रे! म्हणजे एस्टीत..." सुगंधा म्हणाली. "आणि वाटेत तो कशेडीचा घाट!"

मंगळवारी एस्टी चांगली तीन तास उशिरा आली. तेवढ्या वेळात सहदेवने देवाला पाच नारळ कबूल केले होते. नाना खांद्यावर फणस घेऊन उतरले, तेव्हा त्याने भर डेपोत त्यांना कडकडून मिठी मारली.

"रे, सोड! माझो जीव जाता!" नाना म्हणाले. सहदेव विस्तव लागल्यासारखा मागे सरला.

त्यानंतर तो नानांची सावलीच झाला. रस्ता ओलांडताना तो त्यांचा हात धरू लागला. जेवताना त्याने त्यांच्या पानातला बांगडा उचलून घेतला.

"माझो बांगडो कित्याक घेतलंस?"

"काटा लागेल, नाना."

"साठ वर्षां बांगडो खातंय! तुका झालाहा काय?"

त्याला काय झालंय ते सांगायची सहदेवची हिंमत नव्हती. रविवारी नानांची नजर मागच्या बांबूंवर गेली. "हे कुजवूक आणलंस?" असं म्हणत त्यांनी धोतर खोचलं आणि ते बांबू बांधायला स्टुलावर चढले. सहदेवने दोन्ही हातांनी त्यांचे पाय गच्च धरले आणि डोळे मिटून घेतले. सुगंधा दारात उभी राहून स्टुलाच्या पायांकडे बघत रामनाम घेत होती.

तेवढ्यात बाजूच्या बोळातून भाऊराव आले.

"परबांचं घर हेच ना?" त्यांनी स्टुलावरच्या म्हाताऱ्यालाच विचारलं. "आठ-दहा दिवसांपूर्वी इथे मयत झाली ना? तेराव्याला मांडव घालायचा असेल. त्याचे बांबू काढून ठेवू का, म्हटलं. ते मात्र पुऱ्या भावाने हं."

"मयत? कोण मेलो?"

"नाना म्हणून होते कुणी. यांचे काका."

"नाना तर मीच!"

भाऊराव दोन पावलं मागे गेले. सहदेवच्या हातांतले नानांचे पाय क्षणभर ताठ झाले. मग सहदेवने डोळे मिटूनच सगळं सांगून टाकलं: चारशे रुपये, मडकं, निम्मा भाव, तोंडात आलेलं नाव. सांगता सांगता त्याला रडू फुटलं. डोळे उघडून त्याने खिशातल्या सगळ्या नोटा भाऊरावांपुढे धरल्या.

"बाकीचे निम्मे घ्या हो. सुंभाचेही घ्या."

भाऊरावांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "छे छे! मर्तिकाच्या सामानाचे पैसे एकदा चुकते झाले की पुन्हा हात लावत नसतात. माझ्या घरात म्हातारी आई आहे. मला नकोत तुमचे पैसे!" चपला फटफटवत ते आले तसे बोळातून निघून गेले.

नाना स्टुलावरून सावकाश उतरले. त्यांनी बांबूची गाठ ओढून पाहिली. सहदेव मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिला. सुगंधाने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला, तो त्यांनी घटाघटा संपवला.

"सहदेवा," ते तोंड पुसत म्हणाले, "पत्रे अजून घेवचे आसत?"

"हो, नाना."

"मगे शर्ट घाल. पत्रेवाल्याकडे एकटो जाव नको, मी वांगडा येतंय. मेलेलो माणूस सोबत असलो काय भाव आणखी उतरतलो!"