आईंचा नव्हे, गाडीचा विमा!

आमच्या ह्यांना, म्हणजे जयंतना, विमा शिकवायला कुणी जाऊ नये! विमा कंपनीत अधिकारी. सांगलीहून जयपूरला बदली होऊन वर्ष झालं नाही, तोवर जवाहर नगरातल्या आमच्या गल्लीचा दूधवालासुद्धा ह्यांनी विम्याखाली आणला. विम्यावाचून राहिली ती एकच वस्तू, आमची स्वतःची मारुती!

हे कळलं मे महिन्यात, भर रस्त्यात, पोलिसांनी थांबवल्यावर. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे.

"इन्शुरन्स तो खत्म है, साहब. करते क्या हैं आप?"

"बीमा कंपनी में हूँ," हे म्हणाले.

हवालदाराने बाकीच्या हवालदारांना हाका मारून बोलावलं!

मॅजिस्ट्रेटसाहेबांना मात्र हसू आलं नाही. ह्यांचं लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. लायसन माझ्याकडेही होतं, पण बिनविम्याच्या गाडीला मी हात लावणार नव्हते. घरात एक आरोपी पुरे! त्यात स्वतःच्या ऑफिसात विमा काढायची ह्यांना लाज. दुसऱ्या कंपनीत फोन केला. ते म्हणाले, "पॉलिसी मध्येच तुटली आहे. आमचा माणूस येऊन गाडी बघेल, मगच नवी."

तो येईपर्यंत आईंच्या नशिबी ऑटो. बाहेर लूचा गरम वारा असा, की भट्टीचं दार कुणी उघडं टाकून गेलंय! तो माणूस येणार होता त्याच दिवशी, डायलिसिसहून परतल्यावर आईंच्या अंगात मान धरण्याचंही त्राण नव्हतं. धुळीसाठी तोंडावर पदर ओढलेला. ह्यांनी खांद्यांना धरलं, ऑटोवाल्या सुखदेवने पायांना, आणि दोघांनी उचलून आत निजवलं. "काहीच वजन राहिलं नाही गं," हे मला म्हणाले आणि पंखा त्यांच्याकडे वळवला.

शेजारच्या मीराबाईंनी गच्चीवरून सगळं पाहिलं. थोड्या वेळाने त्यांच्याच फाटकाशी मोटारसायकल थांबली.

"जयंतजी का मकान कौन-सा? बीमे का काम है."

झालं! मीराबाईंनी दोनात दोन मिळवले, आणि गल्लीभर बातमी गेली.

मी दाराशी आले तर व्हरांड्यात डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. मला वाटलं, आईंना बघायला आल्यात. किती ही माया! मी आत जाऊन मोठ्या पातेल्यात चहा टाकला.

बाहेर बायकांनी रडायला सुरुवात केली, आणि मीराबाईंच्या यजमानांनी ह्यांचा हात धरला. "बहुत बुरा हुआ, जयंतजी."

ह्यांना वाटलं, लायसनची बातमी फुटली. मान खाली घालून म्हणाले, "गलती मेरी ही है. मैंने ध्यान नहीं दिया."

"ऐसा मत कहिए. ऊपरवाले की मर्ज़ी."

"नहीं, मजिस्ट्रेट की. खैर, तीन महीने में वापस मिल जाएगा."

बायकांचं रडणं क्षणभर थांबलं, आणि मग दुप्पट झालं. एवढा शहाणा माणूस, डोक्यावर परिणाम झाला!

गाडी बघायला आलेले प्रकाशजी कॅमेरा पाठीमागे लपवून, हात जोडून मारुतीजवळ उभे. "मैं तेरहवीं के बाद आऊँगा," म्हणाले. तेरा दिवस! ह्यांनी त्यांची कॉलर धरायचीच बाकी ठेवली.

तेवढ्यात गलक्याने जाग येऊन, भिंत धरत धरत आई दारात आल्या. "कोण गेलं रे?"

मीराबाई किंचाळल्या. मागच्या रांगेतली माणसं थेट फाटकाबाहेर! रडवेल्या बायका आणि हात जोडलेले प्रकाशजी बघून आईंना समजलं. त्या खुर्चीवर टेकल्या. आई एकेका चेहऱ्याकडे बघत राहिल्या. शेवटी आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "अभी थोडा टाइम है. चाय लेके जाना." मीराबाईंनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि खऱ्याखुऱ्या रडल्या.

त्या गर्दीतच प्रकाशजींनी मारुतीचे फोटो काढले. पुढच्या डायलिसिसच्या आत पॉलिसी हातात आली.

गाडी मी चालवली. शेजारी हे, विमाशास्त्रावर एक शब्दही न बोलता. मागे आई. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला.

"सुनंदा, एक विचारू? त्या दिवशी सगळ्या बायका रडत होत्या. तू तेवढी का गं रडत नव्हतीस?"

"अहो आई, मी चहा..." म्हणेपर्यंत सिग्नल हिरवा झाला, आणि माझ्या हातून गाडी बंद पडली.