सिद्रामप्पांची वाकडी पायरी

घर जळून चार दिवस झाले नाहीत तोच आमचे शेजारी सिद्रामप्पा त्या राखेत डोळे मिटून चालायला लागले. खरंच, डोळे घट्ट मिटून. दारापासून सात पावलं, मग थांबायचं, मग उजवीकडे चार. मध्येच पडक्या भिंतीवर कपाळ आपटायचं. ते चोळत पुन्हा दारापाशी यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सोलापुरातल्या आमच्या भवानी पेठेतली निम्मी पोरं हा तमाशा बघायला आमच्या कट्ट्यावर बसायची. मी त्यांना हाकलायचो आणि, खोटं कशाला बोलू, मग स्वतःच बघत उभा राहायचो.

मला वाटायचं, म्हाताऱ्याला जळकं घर बघवत नसेल. चुलीच्या अंगानं पेट घेतला, तुळया जळाल्या आणि सगळं माळवद खाली बसलं. नवराबायको दोघं जिवानिशी वाचली एवढंच. आग कशी लागली असं कुणी विचारायच्या आधीच अप्पा सांगायचे, "माजी चिलीम उलटली की." गल्लीनं त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. साठीत कसले हे शौक! त्यांच्या बायकोला, नीलव्वांना, त्यांनी मैंदर्गीला माहेरी पोचवलं आणि स्वतः आपल्या घोंगड्यांच्या दुकानात पथारी टाकली.

घर बांधायला हुसेन गवंडी मीच आणून दिला. मी शाळेत भूमिती शिकवतो. सरळ रेष म्हणजे माझा जीव की प्राण. ओळंबा सोडून भिंत उभी राहताना बघावी, दुसरं सुख नाही. अप्पांनी पहिल्याच दिवशी त्या सुखावर माती टाकली. म्हणाले, "ही भित जरा आत कलती हुती. कलतीच पायजे."

"ऐसी तो दीवार टेढी होती, अप्पा!" हुसेन कळवळला.

"हुतं तसंच पायजे की."

हे त्यांचं पालुपद. चौकट थोडी उंच घेऊ, डोकं आपटतं, असं मी सुचवलं. "आपटू दे की. हुतं तसंच पायजे." नवं दार करकरत नाही म्हणून सुताराशी भांडले, आणि तो जेवायला गेल्यावर बिजागरीतलं तेल पुसून तिच्यात वाळू भरली. जुन्या खांबाला कमरेच्या उंचीवर एक खाच होती. तीसुद्धा नव्याकोऱ्या सागवानावर विळ्यानं स्वतः कोरली. सुतार हात जोडून निघून गेला तो परत आलाच नाही.

आणि ती पायरी! सोप्यातून स्वैपाकघरात चढायची. नेहमीच्या पायरीच्या दीडपट उंच, वर एका अंगाला चढती. जुन्या घरात तिनं माझ्या अंगठ्याचं नख दोनदा घेतलेलं. ती अप्पांनी तीनदा पाडून तीनदा बांधून घेतली. हुसेननं थापी फेकली आणि मला म्हणाला, "मास्तर, ये आदमी पागल है." मलाही तसंच वाटत होतं.

नीलव्वांबद्दल गल्लीचं मत बरं नव्हतं. गेली दोन वर्षं बाई नळावर येत नव्हती, देवळात येत नव्हती. "लई ताठा हाय तिला," असं बायका म्हणायच्या. पण आपण घरी गेलो की आतून ताकाचा पेला घेऊन यायच्या, नेमका आपल्या हातात द्यायच्या. थेंब सांडायचा नाही. मला तर त्या बाईत काही खोट दिसली नव्हती.

काम संपलं. अप्पा त्यांना आणायला मैंदर्गीला गेले. मध्ये दोन दिवस होते, आणि माझा शेजारधर्म उफाळून आला. म्हटलं, एवढी एक पायरी तरी आपल्याकडून नीट करून द्यावी. हुसेनला सांगायचाच अवकाश, गडी गाणं म्हणत कामाला लागला. पायरी पाडली, उंची बेताची केली, गुण्या लावून काटकोनात बसवली. काय देखणी दिसत होती!

तिसऱ्या दिवशी दुपारी टांगा आला. भाकरतुकडा ओवाळून टाकायला बायका जमल्या होत्या. नीलव्वांनी पदर कपाळाखाली ओढलेला. अप्पांनी हात धरून त्यांना उतरवलं, तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. उंबऱ्यापाशी त्यांनी अप्पांचा हात सोडला. सात पावलं. खांबाच्या खाचेवरून हलकेच बोटं फिरवली. तोंडावर हसू आलं. उजवीकडे वळल्या. मी पायरीशेजारीच उभा होतो, आता शाबासकी मिळणार म्हणून.

नीलव्वांनी पाय उचलला. खूप उंच उचलला. तो खाली आला तिथं पायरी नव्हतीच. बाई तोंडावर पडल्या, बांगड्या फुटल्या. पडल्या जागी दोन्ही तळव्यांनी त्यांनी माझी ती सरळ पायरी चाचपली आणि अगदी हळू विचारलं, "इदु यार मनी?"

सोलापुरात राहून एवढं कानडी मला येतं. हे कुणाचं घर, असं विचारत होत्या त्या.

"माजा पाय मधी आला!" चार हात लांब असलेले अप्पा ओरडले. "मीच पाडलं तिला!"

"डोळं फुटलं का अप्पा तुमचं?" एक बाई कडाडली.

"व्हय," अप्पा म्हणाले. "फुटलं की."

बायका गेल्यावर ते मला परसात घेऊन गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "दोन वरसं झाली, मास्तर. काय बी दिसत न्हाई तिला. पर घरात तिचं अडत नव्हतं, म्हनून कुनाला कळलं न्हाई. कुनी कीव केल्याली तिला सोसायची न्हाई. त्या दिवशी चुलीतला निखारा घरंगळला, तो दिसला न्हाई."

"आणि चिलीम?"

"मी कवा वडली हो?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनला सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. मग उठून पायरी फोडायला लागला. चुन्याचं घमेलं मी उचललं. अप्पांनी नीलव्वांना शेजारी आणून बसवलं. हुसेन दगड चढवायचा, त्या हातानं चाचपायच्या. "अजून," म्हणायच्या. "ह्या अंगाला अजून." शेवटी तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "हां. आता झाली." मग जरा वेळानं, "पर ही बिगडवली कुनी?"

"मेरीच गलती, अम्मा," हुसेन म्हणाला.

"शेजारी मास्तर ऱ्हात्यात की," नीलव्वा म्हणाल्या. "त्यास्नी इचारायचं हुतं. शानं मानूस हाय ते."

मी घमेलं घेऊन तिथंच उभा होतो. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तोच अप्पांनी माझा दंड घट्ट धरला, मान हलवून नको म्हणून खुणावलं आणि बायकोला मोठ्यानं म्हणाले,

"व्हय की. मास्तर हितं असते तर असं हू दिलं नसतं त्यांनी."