बैठकीत गवत

"भोजा, संध्याकाळी घनश्याम गाडी घेऊन येते. तुह्ये कपडे भर, घराले कुलूप लाव अन् वारासिवनीले चाल," बालाघाटला भावाच्या घरी पोचताच मैनाबाई म्हणाली आणि उंबऱ्यातच थांबली. बैठकीतले सोफे व्हरांड्यात निघाले होते. आत एक पोरगा फरशीवर चिकट काहीतरी फासत होता आणि भिंतीशी हिरव्यागार गवताची मोठी गुंडाळी पडली होती.

"हे काय होय?"

"टर्फ," भोजराज म्हणाला. "प्लास्टिकचं गवत. मधात जाळी लागन. गल्लीतले लोक बॅडमिंटन खेळाले येतीन."

"घरात?"

"घरातच. बाहेर खेळले तर माह्या घरात आवाज कसा येईन, बाई?"

बायको गीता जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून भोजराज एका जागी बसत नव्हता. टीव्ही लावायचा, बंद करायचा. चहा ठेवायचा आणि विसरून गेटपर्यंत जाऊन यायचा. पण घर सोडायला तयार नव्हता. मैनाबाई म्हणे, रिकाम्या घरात माणूस वेडा होतो. यावर भोजराजनं तोडगा काढला होता, की घर रिकामं ठेवायचंच नाही. भाचा घनश्याम यायच्या आत कोर्ट तयार झालं, की बहिणीला बोलायला जागा राहणार नव्हती.

"त्या वासानं माह्यं डोकं उठलं," म्हणत मैनाबाई स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

दुपारी मोहितनं, म्हणजे त्या पोरानं, शेवटची पट्टी चिकटवली आणि मागं सरकत सरकत तो व्हरांड्यात आला. "अंकल, कल सुबह तक कोई पैर नहीं रखेगा. गोंद गीला है. कोई चला तो सब उखड़ जाएगा."

भोजराज डोळे भरून गवत पाहत होता. इतक्यात स्वयंपाकघराच्या दारावर धक्का बसला.

"भोजा! दार काहून उघडून नाही राह्यलं रे?"

दार बैठकीच्या बाजूला उघडायचं. आता त्याच्या तळाशी बोटभर उंचीचं गवत घट्ट उभं होतं.

"दरवाजा इधर खुलता है?" मोहितनं विचारलं. "आपने बताया नहीं."

"तुनं विचारलं काय?"

"मुझे लगा उधर से भी रास्ता होगा."

दुसरा रस्ता नव्हता. मोरी आतच होती, तेवढं बरं. दारापुढचं गवत कापायचं तर त्यासाठी ओल्या गोंदावरून चालत जावं लागणार. मोहितनं सकाळी कटर घेऊन येतो म्हटलं आणि मोटरसायकलला किक मारली.

स्वयंपाकघराला गल्लीच्या बाजूनं गजांची खिडकी होती. भोजराज घराला वळसा घालून तिथं धावला, पण शेजारचा वसंता त्याच्या आधी पोचला होता.

"मैनाबाई, तुमाले कोनं कोंडलं?"

"भावानं."

"काहून?"

"गवतासाठी."

वसंतानं भोजराजकडं असं पाहिलं, की भोजराजला आपण खरंच काहीतरी केल्यासारखं वाटलं. "वसंता, तसं नाही रे," तो म्हणेपर्यंत वसंता चौकाकडं निघाला होता. चौकात पोचेपर्यंत गवताची जमीन झाली. जमिनीच्या वाटणीसाठी भोजराजनं सख्ख्या बहिणीला कोंडून घातलं, हे ऐकून अर्धी गल्ली खिडकीशी आली.

"भोजराजभाऊ, शोभते का तुमाले?"

"पहले खोलो उनको!"

भोजराज लोकांना हाताला धरून व्हरांड्यात नेई, गवत दाखवी, परत खिडकीशी आणी. तोवर तिथं आणखी चार नवे आलेले असत. तो पुन्हा धावे.

इकडं मैनाबाईची वेगळीच पंचाईत झाली होती. खिडकीशी का होईना, माणसं दारी आलेली. त्यांना चहाशिवाय परत कसं पाठवायचं? तिनं मोठं पातेलं चढवलं. गजांतून ग्लास बाहेर जात होते. चहा झाल्यावर नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून तिनं कढई ठेवली. ताटली गजांतून जाईना, तर भजी कागदावर निघाली.

"भोजा, बेसन सरलं. कांदेही आण. अन् उभा काहून आहेस? पळ!"

भोजराज दुकानाकडं पळाला. परत आला तेव्हा त्याला बोलायला आलेले सगळे तोंड भरून खात होते आणि मैनाबाई एकेकीचं माहेर विचारत होती.

दिवस मावळताना घनश्यामची गाडी वळली. मामाच्या घरापुढं एवढी गर्दी पाहून त्यानं गाडी रस्त्यातच सोडली. तो गर्दीत घुसला.

"माय! गजाआड काय करून राह्यली तू?"

"भजे तळून राह्यली. खातं?"

सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "मी जातो गवतावरून अन् दार तोडतो."

"खबरदार!" झारा खिडकीतून बाहेर आला. "दार तोडलं तर पाह्य! मले घाई नाही. तू जाय. माह्या साड्या अन् गोळ्या पाठवून दे. मी इथंच राह्यतो."

"काहून? रचनासंग भांडली का?"

"भांडाले तरी भेटलं पाहिजे ना! सोन्यासारखी सून आहे. गॅसले हात लावू देत नाही. बसा माय, आराम करा. आराम करू करू मी मरून राह्यली रे." तिनं कढईतली भजी उलटली. "म्हणून तर भोजाले तिकडं नेऊन राह्यलती. संग झाला असता."

भोजराजच्या हातातली कांद्याची थैली तशीच राहिली.

"मामाजी, पण तुम्ही झोपसान कुठं?" घनश्यामनं विचारलं.

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. भोजराजची खोली बैठकीच्या पलीकडं होती आणि ओलं गवत मध्ये पसरलं होतं. त्याचे भरायचे कपडेही तिकडंच अडकले होते.

म्हणून हातात भज्यांची पुडी घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी, भोजराज गाडीत बसला आणि वारासिवनीला निघाला. व्हरांड्यातल्या सोफ्यावर वसंता राखणीला बसला होता. वैनगंगेचा पूल मागं पडला आणि फोन वाजला.

"भोजा, उद्या कितीक वाजता येतं घरी? तसा भात टाकतो."

वर्षभरात हे भोजराजला कोणी विचारलं नव्हतं.

"ऐकून राह्यला का?"

"हौ, हौ. थांब जरासक." त्यानं फोनवर हात ठेवला. "घनश्याम, तुमच्या इथून बालाघाटले पहिली गाडी कितीक वाजता निघते रे?"