कप्तान लाउडनचा सुटा नाश्ता

माणूस जन्मतःच जो असायचा तो असतो. पात्र मात्र निर्माते ठरवतील त्या दिवशी तसे होते. दूरचित्रवाणीच्या धंद्यात केस पिकवल्यावर हे मी छातीठोकपणे सांगतो. एखाद्या पात्राला पुरुष आवडतात की बायका, ही बाब आमच्याकडे त्याच्या स्वभावात मोडत नाही, वेळापत्रकात मोडते. ती शेवटच्या भागात, शेवटच्या जाहिरातींनंतर उघड करावी असा दंडक आहे. (आधी उघड केल्यास पात्राला पुढे जगवावे लागते, आणि जगणाऱ्यासाठी संवाद लिहावे लागतात.)

मी व्हँकूव्हरला 'पाइन बेटाची फेरी' ही मालिका लिहीत असे. बेटावर ये-जा करणारी बोट, तिचा कप्तान लाउडन, आणि दर आठवड्याला बोटीवर कुणाला तरी कळा लागणे, एवढाच तिचा ऐवज. कप्तानाने अकरा हंगाम धुक्याकडे पाहत काढले. बायको नाही, मैत्रीण नाही, मांजरही नाही. त्याला एकदाचे उजवून टाका, अशी प्रेक्षकांची पत्रे येत. कप्तानाचे लग्न समुद्राशी झाले आहे, असे उत्तर आमच्या निर्मातीबाई मार्लीन कोवालचुक छापून पाठवत. (समुद्राला विचारले होते की नाही, ठाऊक नाही.)

मालिका गुंडाळायचे ठरले तेव्हा मार्लीन बैठकीत म्हणाली, "कप्तानाला आपण समलिंगी करून टाकू."

"करून टाकू म्हणजे?" मी म्हणालो. "तो पहिल्या भागापासून आहे. मीच लिहिलाय त्याला."

"मग आम्हाला कळलं कसं नाही?"

"मी लिहायचो, तू कापायचीस."

"मग उत्तमच की! म्हणजे अगदी अनपेक्षित होईल."

अनपेक्षित उलगड्याची आमच्या कंपनीची पद्धत इतकी निर्दोष आहे की इतरांनी येऊन शिकावी. आधी एकही खूण ठेवायची नाही. पण मागाहून खूण म्हणून दाखवता येईल असे काहीबाही पेरून ठेवायचे. उदाहरणार्थ, रुमालाची नीट घडी. उलगड्याचे दृश्य सुटे हवे. परदेशी वाहिन्या, विमान कंपन्या आणि नाजूक प्रकृतीचे जाहिरातदार यांच्यासाठी ते उचलून बाजूला ठेवले तरी कथेला भोक पडता कामा नये. आणि उलगडा झाल्यावर पात्राने त्याच भागात मरावे. आमच्या अशा पात्रांपैकी शेकडा सत्तर बुडाली, वीस खोकून गेली, उरलेली बहुतेक घोड्यावरून पडली. लग्न करून म्हातारे झालेले कोणी नाही. (एक होते. त्याच्यावर झाड पडले.)

मी कप्तानासाठी सकाळचा नाश्ता लिहिला. त्याच्या स्वयंपाकघरात घंटा दुरुस्त करणारा यूएन नावाचा माणूस तव्यापाशी उभा आहे. "अंडं उलटू का?" तो विचारतो. कप्तान म्हणतो, "उलट. पण फोडू नकोस." यूएन म्हणतो, "फुटलं तर ते माझं." संपले. हे मी कुठून आणले म्हणाल, तर माझ्याच घरून. माझा नवरा रसेल देवदाराच्या होड्या बांधतो, रोज सकाळी अंडी फोडतो, आणि त्या वसंतात तो फार खोकत होता.

कप्तानाचे काम करणारा गॉर्डी पेटिपास कागद हातात घेऊन माझ्याकडे आला. त्याला बायको, तीन नातवंडे आणि गुडघेदुखी आहे. (मला सगळे देस म्हणतात.)

"देस, अकरा वर्षं मी त्या धुक्याकडे बघतोय," तो म्हणाला. "कुणाची तरी वाट बघायची, असं मीच ठरवून टाकलं होतं. माझा भाऊ असाच खिडकीत बसायचा रे. गेला बिचारा. आमच्या घरात एकानंही विचारलं नाही, कुणाची वाट बघतोयस म्हणून. याला तरी मारू नका. दोन घास खाऊ दे."

मी तडक मार्लीनकडे गेलो. आयुष्यात इतका कधी भांडलो नव्हतो.

"खाऊ दे की," ती म्हणाली, "मी कुठे नाही म्हणतेय? पण सुटं खाऊ दे. आणि मग बुडव."

"का म्हणून?"

"अरे, मेल्याशिवाय लोकांना धाडस दिसत नाही."

कप्तान बुडणार, पण नाश्ता करून, असा तह झाला. गॉर्डीने ते दृश्य असे केले की दिवे धरणारी माणसेही भुकेली झाली.

नाश्त्यावर 'काढता येण्याजोगा' असा शिक्का होता. संकलकाला वाटले, आपल्याकडची प्रत विमानाची, त्याने काढला. वाहिनीने परदेशी प्रत समजून पुन्हा एकदा तपासले, काढलेलाच आहे म्हणून समाधान व्यक्त केले. प्रत्येकाची मनोमन खात्री होती की नाश्ता दुसऱ्या कुणाच्या तरी प्रतीत आहे. दृश्य इतके सुटे होते की कुठेच अडकले नाही. प्रेक्षकांना दिसले ते एवढेच, की कप्तानाने धुक्याकडे पाहिले, आणि एका बकरीला वाचवताना तो बुडाला.

दुसऱ्या दिवशी मार्लीनने ठरल्याप्रमाणे मुलाखत देऊन कप्तान समलिंगी होता असे जाहीर केले. निम्मे प्रेक्षक म्हणाले, हे मुद्दाम घुसडले आहे. (काय घुसडले, हे त्यांनी पाहिले नव्हते.) उरलेले म्हणाले, आम्हाला रुमालावरून तेव्हाच कळले होते. टोरोंटोला आम्हाला धाडसाचे पारितोषिक मिळाले. इतका नाजूक विषय एकही दृश्य न दाखवता हाताळला, याबद्दल परीक्षकांनी विशेष कौतुक केले. रसेलचा खोकला वाढल्यामुळे तो समारंभाला आला नव्हता.

गॉर्डीला दोन शब्द बोलायला सांगितले. तो ध्वनिक्षेपकापाशी गेला आणि म्हणाला, "फुटलं तर ते माझं." मग खाली येऊन बसला. लोकांना वाटले, घेतलेली आहे. मला रडू आवरले नाही. माझ्या टेबलावरच्यांनी ते आनंदाश्रू समजून टाळ्या वाजवल्या.

आता राहिले तुम्ही. माझ्या नवऱ्याचा खोकला पहिल्यांदा आला तेव्हाच तुम्ही मनात म्हणालात की हा जाणार. दुसऱ्यांदा आला तेव्हा तुमची खात्री पटली, आणि तुम्ही थोडे हळहळूनही घेतलेत. तर डॉक्टर म्हणाले, देवदाराचा भुसा छातीत जातो, काम करताना तोंडाला फडके बांधा. तो बांधतो. आत्ता तो तव्यापाशी उभा आहे, आणि फुटलेले अंडे त्याने स्वतःच्या ताटलीत घेतले आहे. तुमचा विरस झाला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. मार्लीनला नव्या मालिकेसाठी लेखक हवे आहेत, तुमचे नाव मी सुचवतो.