खेळण्याच्या पिनेला खळ

जी वस्तू सुटती, ती मोठ्या माणसाला बघवत न्हाय. लहान पोराला मात्र सुटणारीच वस्तू लागती. ह्या दोघांच्या मधी जे घडतं, त्याला आमच्याकडं सुधारणा म्हणत्यात.

माझी धाकटी बहीण आरजू दुसरीत हाय. तिला खेळण्यातले ठोकळे मिळाले. ठोकळ्यांना भोकं, भोकात प्लास्टिकची पिन घालायची, जोडत गेलं की क्रेन. शनिवारी वर्गात बाईंसमोर तिनं स्वतःच्या हातानं ही क्रेन जोडून दाखवायची होती. पोरगी दुसरं काय बोलतच नव्हती.

निरीक्षणाअंती असं आढळून आलं की सदर पिना ढिल्या हायत. क्रेनचा हात सारखा मान टाकायचा. (आरजूची तक्रार नव्हती. ती म्हणायची, "क्रेन झोपलीय." पण खेळणं तिचं असल्यानं तिचं मत विचारात घेतलं न्हाय.)

लगेच समिती बसली. अध्यक्ष आमचे अब्बा, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलचे माग दुरुस्त करत्यात. सल्लागार शेजारचे मल्लिनाथकाका, तेबी मागावरचेच. शोभा विभाग अब्बांच्या बहिणीकडं, कमरुन्निसा फुप्पीकडं. मी शाळा सोडलेली, म्हणून पूर्ण वेळ उपलब्ध. मला भांडं धरायचं काम.

"मकदूमभाई, पिनेला सूत गुंडाळा की," काकांनी अब्बांना सुचवलं.

"नुसतं सूत विसकटंल, मालक," अब्बा म्हणाले. "खळ द्यावी लागंल."

खळ म्हंजे पिठाची पेज, सूत कडक करायला. खळ न दिलेल्या सुताला आमच्या गल्लीत सूत म्हणतच न्हाईत. पिनेगणिक सूत गुंडाळलं, खळ पाजली. फुप्पीनं वरनं गुलाबी नेलपॉलिश मारलं, त्यावर चमकी. मग ओलं हाय तवरच माप बघावं म्हणून समितीनं आख्खी क्रेन जोडली आणि पत्र्यावर उन्हात ठेवली.

चाचणीत पकड शंभर टक्के भरली. शोभा एकशेदहा (आकडा फुप्पीचा).

"आता सोडा," आरजू म्हणाली. "मला जोडायचीय."

अब्बांनी ओढलं. काकांनी ओढलं. पक्कड लावली तर ठोकळ्याचा कोपरा गेला, पिन जागची हालली न्हाय.

"भाईजान, रंगाला धक्का नको," फुप्पी म्हणाली.

माझं डोकं सटकलं. "क्रेन तिनं जोडायची होती का तुमी?"

"जोडायचीच होती ना?" अब्बा शांतपणे म्हणाले. "जोडलीय की."

आरजू कोपऱ्यात जाऊन बसली, जेवलीबी न्हाय.

शनिवारी तिला सोडायला मी गेलो आणि खिडकीशी थांबलो. वर्गात जवळपास सगळ्यांची खेळणी घरनंच पक्की होऊन आलेली. दिग्विजयच्या विमानाला तर त्याच्या वडलांनी स्क्रू मारलेले.

"जोडून दाखव," बाई म्हणाल्या.

आरजूनं आमची गुलाबी क्रेन बाजूला सरकवली. दप्तरातनं पट्टी, पेन्सिली आणि डब्याचं झाकण काढलं, वेणीचं रबर सोडलं, आणि क्रेन बांधायला घेतली. हात पडला. परत बांधला. परत पडला. शेवटी त्या हातानं खोडरबर उचललं आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी तिनं तीच क्रेन घरी करून दाखवली. अब्बा लई खूश झाले. मग खाली वाकून बघितलं.

"मालक," त्यांनी भिंतीपलीकडं काकांना हाक मारली, "हिचा सांधा जरा ढिला वाटतोय."

तुमी हसताय. पण खरं सांगा, खळीऐवजी सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी चढवली असती तर पकडबी आली असती आणि पिन सुटलीबी असती, असं मघाशी तुमच्या मनात आलंच की. मग या. समितीत भांडं धरायची जागा रिकामी हाय.