आभाळातून आलेलं कफन

पांढरकवड्याच्या आसपासच्या चार गावांत रॉकेटातलं कळणारा माणूस एकच होता, अन् तो म्हणजे मी, पंजाबराव! हसू नका. रशियाचा माणूस आभाळात चक्कर मारून आला, ती खबर हाटेलातल्या रेडिओवर आयकून गावात आणली मीच. तवापासून वरून साधं इमान उडत गेलं तरी लोक मले विचारत, अन् मीही बिनदिक्कत सांगत जाओ.

दुसऱ्या साली काय झालं, माझ्या वावराले लागून बंजाऱ्यांचा तांडा हाय, तिथं आभाळातून एक भलामोठा पांढरा कपडा उतरला. खाली दोरीले डबा. अन् उतरला तो कुठं? तांड्याचा म्हातारा नायक धरमसिंग नुकताच तापातून उठून कण्या पीत बसला होता, त्याच्या खाटेच्या पायथ्याशी!

धरमसिंगनं वाटी खाली ठेवली अन् बायकोले शांतपणे सांगतलं, "लाली, माहं कफन आलं वरून."

लालीबाईनं हंबरडा फोडला. तांड्यातल्या बाया जमल्या अन् एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडू लागल्या. मी धावत गेलो. म्हणलं, हे तं आपलंच खातं! घडीभरात समजावून देतो.

डब्यावर मराठीतही छापलं होतं. हैदराबादेहून शास्त्रज्ञांनी फुग्याले यंत्रं बांधून वर सोडली, सापडल्यास उघडू नका, कळवा. मी मोठ्यानं वाचलं. वर हवासुद्धा नावालेच असते, अन् हा डबा तिथून या कपड्याच्या छत्रीनं खाली उतरला, असं सांगतलं.

"तिथं कोण राह्यते?" धरमसिंगनं विचारलं.

"कोणीच नाई, नायक."

"मंग खाली कोनं धाडलं?"

मी म्हणलं, कोणी धाडावं लागत नाई, आत घड्याळ असते, वेळ भरली का दोरी आपोआप कटते. म्हाताऱ्यानं मान डोलावली अन् भिंतीकडं तोंड करून निजला. इतकं सोपं करून मी आजवर कोणाले समजावलं नव्हतं!

त्यानं खाणं सोडलं. लालीबाईनं कपडा धुतला, घडी करून त्याच्या उशाखाली ठेवला. म्हातारा असा वाळत चालला जशी उन्हाळ्यातली कपाशीची पऱ्हाटी. तापानं सोडलेला माणूस माझ्या विज्ञानानं मराले टेकला होता. तसाच पांढरकवड्याले गेलो अन् तारा केल्या. त्याच्या दोन पोरांले लिहिलं, बाप चालला, निघा. हैदराबादेले लिहिलं, तुमचा कपडा न्या.

पोरं आली. उत्तमसिंग ट्रकवर होता, फुलचंद बल्लारशाच्या खाणीत. दोघं संगच घरी आल्याचं तांड्यात कोणाले आठवत नव्हतं. एक पाय चेपे, दुसरा वारा घाले. धरमसिंग खाण्याले तोंड लावत नव्हता, पण चेहरा असा खुलला का विचारू नका. मरणाच्या दारात इतका खुश माणूस मी पाह्यला नाई.

मंग हैदराबादेची जीप आली. डबा दिला, तं साहेब म्हणे कपडाही लागते. लालीबाई खाटेसमोर आडवी आली. मी साहेबाची बाजू घ्याले गेलो तं फुलचंद माझ्याच अंगावर धावला. शेवटी धरमसिंगनंच उशाखालून कपडा काढला. "सरकारचा हाय तं ने बापा," तो म्हणाला, "मले वाटलं माहा हाय."

कफन गेलं तसं मरणही गेलं. संध्याकाळी म्हाताऱ्यानं भाकर मागतली. मी तांडाभर मिरवलो, पाहा, विज्ञानानं माणूस वाचवला! पोरं मात्र तोंड फुगवून होती. खोट्या तारेपायी खाडे झाले म्हणे. सकाळच्या गाडीनं दोघंही निघून गेले.

पुढं एक दिवस आभार घ्याले म्हणून मुद्दाम गेलो. धरमसिंग लिंबाखाली बसून, डोळ्यावर हात धरून, वर पाहून राह्यला होता. रोज असाच बसते, लालीबाई म्हणाली.

"पंजाबभाऊ," त्यानं हळूच विचारलं, "दुसरं कवा सोडतीन?"

म्हणलं, ते काही सांगता येत नाई, नायक.

त्यानं डोळ्यावरचा हात खाली घेतला.

"मंग कपडा राहू दे," तो म्हणाला. "तू नुसती तारच कर."

तवापासून तारऑफिसासमोरून मी मान खाली घालून जातो. रॉकेटाचं तं नावच काढत नाई.